निशाणी बेचाळीस

चौकट आली रिक्षाच्या टपावर बांधून.
समा गावाच्या खालच्या अंगाला, कोतराच्या तोंडाशी
जसोदाबेन माछींचं घर आहे, त्या घराची.
सागाची एकच बाजू, बिजागऱ्यांसकट.
मी सुतळीनं चिठ्ठी बांधली
आणि यादीत लिहिलं : निशाणी बेचाळीस.

पस्तीस वर्षं मी घोरपडे वकिलांचा कारकून.
मराठीत विचार करतो, गुजरातीत अर्ज लिहितो,
आणि सातबारावर ‘खराबो’ दिसला
की आजोळच्या उताऱ्यातला शब्द आठवतो : पोटखराबा.
जिथं विश्वामित्री अंग सैल करून बसते,
जिथं मगर फाल्गुनात माती उकरून अंडी पुरते,
जिथं भादव्यातलं जास्तीचं पाणी
गावात शिरण्याआधी घटकाभर टेकतं,
ते तिचं पोट.
कागदावर : लागवडीस नालायक. आकार, शून्य.

समोरच्यांचं म्हणणं सरळ होतं.
शून्यात माती टाकली, तर बिघडलं काय?
डंपर रात्री येतात, दिवे मालवून.

मगरीचं नाव कायद्यात आहे,
पहिल्याच अनुसूचीत, वाघाच्या पंगतीला.
तिच्या घराचं नाही.
साहेब म्हणाले, घराला साक्षीदार पाहिजे.

म्हणून जसोदाबेन पिंजऱ्यात.
चौकटीवर सात रेघा.
चार खिळ्यानं ओढलेल्या : रमेश, रमेश, हंसा, रमेश.
तीन मातकट, बोटभर रुंद, लाकडात मुरलेल्या.
या तीन कोणी काढल्या?
पाण्यानं.
काढताना पाहिलंत?
मी माळ्यावर होते.
मग याही पोरांच्याच नाहीत कशावरून?

ती हसली. कोर्टात असं कोणी हसत नाही.
“साहेब, पोरं कुठं उभी राहतात?
हलतात, टाचा उचलतात.
कान धरून रेघ मारावी लागते.
पाणी दोन दिवस उभं होतं, गप्प.
त्याची मारावी लागली नाही.”

न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुन्हा लावला,
टेप मागवली.
शिपायानं वाकून मापलं :
सगळ्यात वरची, चार फूट सात इंच.
मी नकाशा उघडला, निशाणी नऊ.
नेमकं तिथंच बिल्डरचं बालउद्यान होतं,
हिरव्या शाईतलं, घसरगुंडीसकट.

मनाई हुकूम मिळाला. पुढच्या तारखेपर्यंत.
तारीख पडली नोव्हेंबरची.
नदीची तारीख त्याआधी असते,
आणि तिला समन्स लागत नाही.

चौकट आता रेकॉर्ड रूममध्ये भिंतीला उभी आहे,
कुठल्याशा खुनातल्या कोयत्याशेजारी.
जसोदाबेनच्या दाराला त्या बाजूनं गोणपाट.
परवा आली, नातवाला घेऊन.
परत कधी देणार?
निकालानंतर.
निकाल कधी?
मी पानाचा डबा उघडला, बंद केला.
“मग याला मोजू कुठं?”

निशाणीवर खाडाखोड हा गुन्हा आहे.
हे मीच दरवर्षी नव्या पोरांना शिकवतो.
किल्लीवाला फणसे चहाला गेला होता.

पोराला लाकडाला पाठ लावून उभं केलं.
टाचा उचलायच्या नाहीत, म्हटलं.
पेन्सिल खिशातच राहू दिली.
नुसता तळहात ठेवला त्याच्या डोक्यावर,
आडवा, लाकडाला टेकेपर्यंत.

वरच्या मातकट रेघेला
अजून चार बोटं कमी.

जसोदाबेननं पाहिलं. मीही पाहिलं.
पोरगं मान वळवून, रेघेकडे बघत म्हणालं,
“पुढल्या वर्षी.”